कमी पगारात परदेशात राहून रिमोट काम: तेच तेच प्रश्न आणि एकदाची उत्तरं

मी सहा वर्षं कस्टमर सपोर्टचं काम करतेय, घरून, म्हणजे ज्या देशात असेन त्या देशातल्या भाड्याच्या खोलीतून. पगार बेताचा, दर वर्षी थोडा वाढतो आणि वाढल्याचं कळतही नाही. आत्तापर्यंत पाच देश झाले. मेसेज बहुतेक तेच तेच येतात आणि प्रत्येकाला वेगळं टाइप करून आता कंटाळा आलाय म्हणून सगळं इथे एका ठिकाणी लिहितेय. मी वकील नाही, टॅक्सवाली नाही, आणि व्हिसाचे आकडे सरकारं बदलत राहतात, त्यामुळे अर्ज करायच्या आधी त्या त्या देशाची अधिकृत साईट एकदा उघडाच.

ताई, माझा पगार एवढा एवढा आहे, पुरेल का?

नुसत्या पगाराच्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही, आणि जो सांगतो तो तुम्हाला कोर्स विकणार आहे असं समजा. आधी एका कागदावर पगार लिहा, त्यातून टॅक्स वजा करा, इन्शुरन्स वजा करा, बँकेत पैसे येता येता जे गळतात ते वजा करा, घरी पाठवायचे असतील ते वजा करा, आणि वर्षातून एकदा परत यायच्या तिकिटाचा बारावा हिस्सा वजा करा. आता जे उरलं तो तुमचा खरा पगार. माझं गणित असं की भाडं, वीज आणि इंटरनेट मिळून या उरलेल्या रकमेच्या ४० टक्क्यांच्या आत बसलं तर जमतं, ५० झालं की महिन्याच्या विसाव्या दिवसापासून मी बँकेचं ॲप उघडायलाच घाबरते.

आणि इंटरनेटवर ते राहणीमानाच्या खर्चाचे तक्ते असतात ना, ते वाचून हुरळू नका. त्यात बऱ्याचदा तिथल्या माणसाचा खर्च असतो, ज्याच्याकडे वर्षाचा भाडेकरार आहे, स्वतःचं फर्निचर आहे, भाषा येते, भाव करता येतो. तुम्ही तीन महिन्यांसाठी फर्निचरसकट खोली घेणार, म्हणजे त्याच गल्लीतल्या तशाच खोलीला तुमचं भाडं वेगळं. पहिल्या वर्षी मला वाटायचं आपल्याला फसवतायत, नंतर कळलं की थोड्या दिवसांच्या भाडेकरूचा भावच तो असतो.

मग सगळ्यात स्वस्त देश कुठला?

जिथून तुम्ही वर्षभर हलणार नाही तो.

चेष्टा नाही. मी खर्चाची वही ठेवते, साधी, रेघांची. दुसऱ्या वर्षी मी चार वेळा देश किंवा शहर बदललं, सगळी ठिकाणं 'स्वस्त' म्हणून गाजलेली. वर्षाअखेर शिल्लक जवळजवळ शून्य. चौथ्या वर्षी एका बऱ्यापैकी महाग शहरात बारा महिने एकाच खोलीत राहिले आणि दोन पगारांइतके पैसे मागे पडले. माझा विश्वास बसेना म्हणून दोन्ही वर्षांची पानं शेजारी शेजारी ठेवून बघितली तर घोडं कुठे अडत होतं ते लगेच दिसलं: विमान, जादा बॅग, व्हिसाची फी, घर मिळेपर्यंत हॉटेलचे सहा दिवस, जुन्या घराचं भाडं आणि नव्या घराचं भाडं एकाच महिन्यात, नवं सिम, नव्या चादरी, नवी पातेली, बादली, दिवा, एक्स्टेंशन बोर्ड, जे सगळं निघताना तिथेच टाकून यायचं आणि पुढच्या गावी परत घ्यायचं. बादली मी एका वर्षात चार वेळा विकत घेतली. बादली!

त्यामुळे ज्यांचा पगार भरपूर त्यांनी खुशाल दर महिन्याला फिरावं. आपल्यासारख्यांना एक ठिकाण धरून बसणंच परवडतं, मग तिथलं भाडं थोडं जास्त असलं तरी.

निघताना हातात किती पैसे असावेत?

तीन महिन्यांचा सगळा खर्च, आणि वर परतीचं तिकीट, ज्याला काही झालं तरी हात लावायचा नाही. तीन महिने का, तर डिपॉझिट एक ते तीन भाड्यांइतकं कुठेही जातं, पहिलं भाडं आगाऊ द्यावं लागतं, आणि पगार नेमका याच काळात नव्या खात्याच्या भानगडीत लटकतो. कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डवर निघू नका. एक जण तसा निघालेला मला माहीत आहे, तो आठ महिने फक्त त्या कार्डाचं व्याज फेडत होता आणि शहर त्याने खिडकीतूनच बघितलं.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन गुपचूप लॅपटॉप उघडला तर कोणाला कळतंय?

बहुतेक वेळा कोणालाच नाही, हे खरंय. पण ज्या दिवशी कळतं त्या दिवशी पासपोर्टवर जे लागतं ते पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या फॉर्मवर 'तुम्हाला कधी प्रवेश नाकारला गेलाय का' या रकान्यात लिहावं लागतं, आयुष्यभर. भरपूर पैसेवाला वकील लावेल, आपण काय करणार.

काही देशांनी आता हे स्पष्ट केलंय. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४ पासून नियमांत लिहिलं की व्हिजिटर म्हणून आलेला माणूस परदेशातल्या कंपनीचं काम रिमोट करू शकतो, फक्त येण्याचं मुख्य कारण ते नको. न्यूझीलंडने २७ जानेवारी २०२५ पासून व्हिजिटर व्हिसावर रिमोट कामाला परवानगी दिली, पण ९२ दिवसांच्या वर राहिलात तर टॅक्सचा प्रश्न येऊ शकतो असंही सोबत सांगितलं. कॅनडातही परदेशी मालकाचं काम व्हिजिटर म्हणून करता येतं, साधारण सहा महिन्यांपर्यंत. बाकी अनेक ठिकाणी नियम एक तर स्पष्ट 'नाही' म्हणतो किंवा काहीच म्हणत नाही, आणि जो काहीच म्हणत नाही त्याचा अर्थ त्या दिवशी काउंटरवर बसलेला अधिकारी लावतो.

शेंगेनचे ९० दिवस संपले की एक दिवस बाहेर जाऊन परत येता येतं ना?

नाही येत. हा गैरसमज कधी मरणार देव जाणे. शेंगेन म्हणजे युरोपातल्या अशा देशांचा गट जिथे आपसांतल्या सीमेवर तपासणी नसते, त्यामुळे दिवस सगळ्यांचे मिळून मोजतात. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस असा नियम आहे, म्हणजे आजच्या तारखेपासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात शेंगेनमध्ये घालवलेले दिवस ९० च्या वर जाता कामा नयेत. येण्याचा दिवस धरतात, जाण्याचा दिवसही धरतात. ज्यांच्या पासपोर्टला आधी व्हिसा घ्यावा लागतो त्यांच्या स्टिकरवर दिवस लिहिलेले असतात, ते ९० पेक्षा कमीही असतात, मग तेवढेच.

पूर्वी लोक ९० दिवस संपवून क्रोएशियात जाऊन बसायचे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला शेंगेनमध्ये आला. मग रोमानिया आणि बल्गेरिया उरले होते, १ जानेवारी २०२५ पासून त्यांच्या जमिनीवरच्या सीमाही आत गेल्या. आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी संगणकी नोंद सुरू झाली, त्यामुळे शिक्का पुसट आला म्हणून दिवस कमी मोजले गेले हे नशीब यापुढे विसरा.

डिजिटल नोमॅड व्हिसा मला मिळेल का?

म्हणजे परदेशातल्या कंपनीचं रिमोट काम करत त्या देशात राहायचा व्हिसा. इथे जरा लांब लिहिते कारण सगळ्यात जास्त निराशा इथेच होते.

हे व्हिसे २०२० मध्ये कोविडच्या काळात जोरात सुरू झाले, बार्बाडोसने जुलैमध्ये काढला, एस्टोनियाने ऑगस्टमध्ये, मग रांगच लागली. पण ते काढले कोणासाठी हे बघा. बार्बाडोसला वर्षाची ५०,००० अमेरिकन डॉलर कमाई लागते. आइसलंडला महिन्याला १० लाख क्रोना. जपानने मार्च २०२४ मध्ये काढला त्याला वर्षाला १ कोटी येन, आणि एवढं दाखवूनही फक्त सहा महिने, वाढवून मिळत नाही. इंडोनेशियाच्या रिमोट कामाच्या व्हिसाला वर्षाला ६०,००० डॉलर. पोर्तुगालचा ऑक्टोबर २०२२ पासून, तिथल्या किमान वेतनाच्या चौपट. स्पेनचा किमान वेतनाच्या दुप्पट, ऐकायला बरं वाटतं, पण जोडीदार सोबत असला की त्यावर किमान वेतनाच्या ७५ टक्के आणखी आणि पुढच्या प्रत्येक माणसामागे २५ टक्के. म्हणजे सरकारांना खर्च करणारा पाहुणा हवाय, तुम्हीआम्ही नाही. यात राग मानण्यासारखं काही नाही, पण यूट्यूबवर 'पन्नास देश तुम्हाला बोलावतायत' असं कोणी ओरडत असेल तर त्यातले चाळीस तुम्हाला बोलावत नाहीयेत.

बेताच्या पगाराला बघण्यासारखे थोडे आहेत. ब्राझील, महिन्याला १,५०० डॉलर कमाई किंवा बँकेत १८,००० डॉलर. कोलंबिया, तिथल्या किमान वेतनाच्या तिप्पट, आणि तिथलं किमान वेतन युरोपच्या मानाने लहान त्यामुळे तिप्पट होऊनही आवाक्यात राहतं. मलेशियाचा डीई रांताऊ पास, आयटीवाल्यांना वर्षाला २४,००० डॉलर, पण बाकीच्या कामांना एकदम ६०,००० म्हणजे माझ्यासारखीला दार बंद. थायलंडने जुलै २०२४ मध्ये डेस्टिनेशन थायलंड व्हिसा काढला, पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवस राहता येतं, आणि त्यात मुख्य म्हणजे पगाराच्या आकड्यापेक्षा बँकेतली ५ लाख बाथची शिल्लक बघतात. ज्याचा पगार लहान पण साठवायची सवय चांगली त्याला हा प्रकार सोयीचा. जॉर्जिया काही पासपोर्टना व्हिसाशिवाय पूर्ण वर्ष राहू देतो, तुमचा पासपोर्ट त्या यादीत आहे का ते बघा, असेल तर नशीबवान आहात.

आता कागद. कमाईचा आकडा बसला तरी माणूस कागदात अडकतो. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, त्यावर अपोस्टिल, मग मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून भाषांतर, आणि ते प्रमाणपत्र बरेच देश तीन किंवा सहा महिन्यांच्या आतलंच मागतात. अपोस्टिल म्हणजे १९६१ च्या हेग करारातला शिक्का, दोन्ही देश त्या करारात असतील तर एका शिक्क्यात काम होतं, नसतील तर मंत्रालय मग वकिलात अशा चकरा. माझ्या बाबतीत काय झालं, प्रमाणपत्र आलं, अपोस्टिल झालं, भाषांतरकार सुट्टीवर गेला, तो येईपर्यंत वकिलातीतली अपॉइंटमेंट हुकली, पुढची सात आठवड्यांनी, आणि तोवर पहिलं प्रमाणपत्र शिळं. परत पहिल्यापासून, परत फी. तेव्हापासून कानाला खडा, आधी अपॉइंटमेंट मिळवायची आणि मग तिच्या तारखेवरून उलटं मोजत कागद काढायचे.

एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी घेतली की युरोपात राहता येतं का?

नाही. २०१४ पासून आहे ती, डिजिटल ओळखपत्र आहे, ऑनलाइन कंपनी काढता येते. राहण्याचा हक्क नाही, व्हिसा नाही, टॅक्सची सुटका नाही. नावाने घोळ केलाय.

टॅक्स कुठे भरायचा? तीन देशांत चार चार महिने राहिलं तर कुठेच भरावा लागत नाही म्हणतात.

म्हणणाऱ्यांना नोटीस आली की ते ग्रुप सोडून जातात.

१८३ दिवसांचा नियम सगळ्यांना पाठ असतो, म्हणजे वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस एका देशात काढले की तिथले टॅक्स रेसिडेंट, म्हणजे टॅक्ससाठी तिथले रहिवासी. पण बहुतेक देशांत ती फक्त एक चाचणी असते. तुमचं कायमचं घर कुठे, बायकोमुलं कुठे, पैसे कुठे, हेही बघतात. ब्रिटनच्या चाचणीत तर जुने धागेदोरे भरपूर असले तर आधी तिथे राहून गेलेला माणूस वर्षात १६ दिवस राहूनही रेसिडेंट ठरू शकतो. थायलंडमध्ये रेषा १८० दिवसांची, आणि २०२४ पासून रेसिडेंटने परदेशातली कमाई देशात आणली की ती टॅक्समध्ये धरायला लागले. अमेरिकेचा नागरिक तर जगात कुठेही राहो, रिटर्न त्याला अमेरिकेत भरावंच लागतं. आणि 'कुठेच रेसिडेंट नाही' असं म्हणणाऱ्याला मूळ देश सहसा सोडत नाही, तो म्हणतो मग तुम्ही आमचेच.

दोन देशांनी एकाच पगारावर हात टाकला तर दुहेरी कराचा करार असतो का ते बघायचं, त्यात कोणाचा हक्क आधी ते ठरलेलं असतं. तो फायदा घ्यायला टॅक्स रेसिडेन्सीचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते मिळायला वेळ लागतो म्हणून आधीच मागून ठेवा. वर्षातून एकदा टॅक्सवाल्याला तासाभराची फी देणं ही मला जीवावर येणारी पण सगळ्यात उपयोगी पडलेली पदरमोड आहे. आणि रोज कुठे होतो याची तारखांची यादी ठेवा, बोर्डिंग पाससकट, कारण तीन वर्षांनी विचारतील तेव्हा आठवत नाही.

कंपनीला सांगायलाच पाहिजे का? कुठून काम करतोय ते लपवायला व्हीपीएन लावला तर?

सांगा. तुम्ही दुसऱ्या देशात बसून काम केलं तर कंपनीच्या गळ्यातही टॅक्स, सोशल सिक्युरिटी, डेटाचे नियम असं काय काय येऊ शकतं, आणि ते त्यांना दुसऱ्याकडून कळलं तर पहिली गोष्ट जाते ती नोकरी. व्हीपीएन कधीतरी पडतोच, मीटिंगमध्ये मागे परक्या भाषेतला भोंगा वाजतोच, ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार.

मी कसं विचारलं ते सांगते. 'मला परदेशात राहायचंय' असं नाही म्हटलं. देशाचं नाव, किती दिवस, माझ्या शिफ्टचे तास तेच राहतील, इंटरनेट बंद पडलं तर पर्याय काय, एवढं अर्ध्या पानात लिहून मॅनेजरला दिलं आणि आधी फक्त सहा आठवडे मागितले. एचआरला लांबलचक स्वप्न ऐकायचं नसतं, त्यांना तारखा हव्या असतात. जाहिरातीत 'कुठूनही काम करा' लिहिलेलं असलं तरी बऱ्याच कंपन्यांत त्याचा अर्थ 'आमच्या देशात कुठूनही' असाच असतो, करार वाचा.

कधी कधी कंपनी म्हणते की कर्मचारी म्हणून नाही जमणार, कॉन्ट्रॅक्टर हो. तेव्हा तोच पगार कबूल करू नका. सुट्ट्या, आजारपण, पेन्शन, नोटीस पिरियड सगळं तुमच्या खिशातून जाणार, त्याची किंमत लावून वर मागा. मी पहिल्यांदा नव्हती मागितली, दोन वर्षं रुखरुख होती.

पगार डॉलरमध्ये आहे, म्हणजे चलन कोसळलेल्या देशात मज्जाच ना?

काही महिने, हो. मग भाव पाठलाग करत येतात. तुर्कस्तानचा लीरा २०२१ मध्ये डॉलरपुढे साधारण ४४ टक्के उतरला, तेव्हा सगळे तिकडे धावले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली महागाई अधिकृत आकड्याने ८५ टक्क्यांवर होती. अर्जेंटिनाने डिसेंबर २०२३ मध्ये पेसो एका झटक्यात डॉलरला ३६६ वरून ८०० वर नेला, त्या वर्षाची महागाई २११ टक्के. इजिप्तचा पाउंड मार्च २०२४ मध्ये एका दिवसात ३१ च्या आसपासवरून ५० जवळ गेला. अशा ठिकाणी घरमालक भाडं डॉलरमध्येच सांगायला लागतात, ते सांगितलं की तुमची मज्जा संपली, आणि शेजारी राहणारा माणूस मात्र त्याच लीऱ्यात पगार घेत असतो हे रोज जिन्यात दिसतं. मला ते फार दिवस बघवलं नाही.

उलटंही होतं, तुमचा पगार कमजोर चलनात आणि राहणं महाग चलनात. तेव्हा बजेट आजच्या दराने करू नका, दर १५ टक्के विरोधात गेला तरी पुरेल का ते बघा.

पैसे मागवायचे कसे, कार्ड कुठलं?

'झिरो फी' लिहिलेलं असलं की दर बघा, फी तिथे दडलेली असते. गुगलवर दिसणारा मधला दर आणि तुम्हाला मिळालेला दर यातला फरक हीच खरी फी. एटीएम किंवा दुकानातलं मशीन विचारतं की तुमच्या देशाच्या चलनात घेऊ की इथल्या, नेहमी इथल्या म्हणा. पहिलं बटण दाबलंत की मशीनवाल्याचा दर लागतो आणि तो कधीच तुमच्या बाजूचा नसतो.

दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेली. माझं एक कार्ड शुक्रवारी संध्याकाळी एटीएमने गिळलं, सोमवारी सकाळपर्यंत बँक बंद, खिशात जे होतं त्यात दोन दिवस काढले.

आणि एक गोष्ट कोणीच सांगत नाही: ओटीपी. बँक, टॅक्सची साईट, सगळं जुन्या मोबाइल नंबरवर एसएमएस पाठवतं. रिचार्ज राहिला की नंबर बंद, काही महिन्यांनी तो दुसऱ्याच माणसाला मिळतो, आणि मग तुमच्याच पैशांच्या दारात तुम्ही उभे. निघायच्या आधी जिथे जमेल तिथे ओटीपी ॲपवर घ्या, आणि जुनं सिम स्वस्तातल्या स्वस्त प्लॅनवर जिवंत ठेवा, त्याच्या रिचार्जची तारीख फोनमध्ये अलार्म लावून.

टाइम झोनचं काय करता?

पाच तासांपेक्षा जास्त फरक असलेल्या ठिकाणी मी आता जात नाही. रात्रपाळी तरुणपणी जमते वगैरे ठीक आहे, पण रात्रभर जागणारा माणूस दिवसा झोपतो आणि ज्या देशात राहायला गेला तो देश त्याला बंद शटरच दाखवतो. शिवाय रात्रभर दिवे, हीटर किंवा एसी, ते बिल वेगळं.

घड्याळं बदलतात त्या दिवसांत सांभाळा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे मधले दोनतीन आठवडे सगळं एका तासाने इकडेतिकडे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परत एक आठवडा. आणि तुम्ही थायलंड नाहीतर जपानमध्ये असाल तर तुमचं घड्याळ हलतच नाही, पण शिफ्ट हलते. मी असाच एकदा तासभर उशिरा लॉगिन झाले, एकोणीस मिस्ड कॉल. आता कॅलेंडरमध्ये शिफ्ट ऑफिसच्याच टाइम झोनमध्ये टाकते, डोक्यात गणित करत नाही.

घर बघताना काय बघू?

भाड्याच्या आधी मागच्या हिवाळ्यातलं, गरम देश असेल तर उन्हाळ्यातलं, विजेचं बिल मागा. एका ठिकाणी मी सप्टेंबरमध्ये खोली घेतली, मोठी खिडकी, छान उजेड, मी खूश. डिसेंबरमध्ये कळलं की खिडकीला एकच काच आहे आणि गरम करायला फक्त भिंतीवरचा विजेचा हीटर, तो लावला की मीटरचा लाल दिवा इतक्या भरभर लुकलुकायचा की मी मीटरकडे पाठ करून बसायला लागले. त्या महिन्याचं बिल भाड्याच्या एक तृतीयांश. पुढचे दोन महिने शिफ्टमध्ये हातमोजे, बोटं कापलेले, आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी.

दुसरं म्हणजे खुर्ची. फर्निचरसकट घरात टेबलाजवळच्या लाकडी खुर्च्या असतात, दिवसाला आठ तास त्यावर बसून माझी पाठ दोन महिन्यांत गेली आणि फिजिओचा खर्च झाला तो वेगळा. मग बंद पडलेल्या एका ऑफिसातली सेकंडहँड खुर्ची घेतली, लिफ्ट नाही, चौथा मजला, प्रत्येक मजल्यावर खुर्ची टेकवून तिच्यावरच बसून दम खात वर नेली. निघताना ती घेतली त्याच किमतीला विकली गेली.

इंटरनेट संध्याकाळी तपासा, दुपारी नाही, आणि अपलोडचा स्पीड बघा. आत शिरल्या दिवशी भिंती, नळ, मीटर रीडिंग सगळ्याचे फोटो काढून मालकाला लगेच पाठवा, डिपॉझिट परत घेताना तेच कामाला येतं. न बघता डिपॉझिट कोणालाही पाठवायचं नाही, घर कितीही सुंदर असो, उलट जास्त सुंदर असेल तर जास्तच नाही.

इन्शुरन्स प्रवासाचा घेऊ की आरोग्याचा?

प्रवासाचा इन्शुरन्स तातडीचं बघतो आणि शक्य तितक्या लवकर तुम्हाला घरी पाठवतो. दात, जुने आजार, नेहमीची औषधं त्यात सहसा नसतात. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं ते व्हिसापुरतं ठीक. सहा महिन्यांच्या वर राहणार असाल तर आरोग्याचाच घ्या, आणि दात निघायच्या आधी दाखवून घ्या. स्कूटर भाड्याने घेणार असाल तर लायसन्सवर दुचाकी आहे का बघा, नसेल तर अपघात झाल्यावर कंपनी हात वर करते.

आपल्यामुळे तिथल्या लोकांची भाडी वाढतात का?

वाढवणाऱ्यांत आपण असतो, हो. एकट्या आपल्यामुळे नाही, पर्यटक, गुंतवणूकदार, घरंच कमी असणं हे सगळं आहेच. पण ४ जुलै २०२५ ला मेक्सिको सिटीत लोक याच कारणासाठी रस्त्यावर उतरले, आणि बार्सिलोनाने २०२८ पर्यंत पर्यटकांना द्यायच्या दहा हजारांवर फ्लॅट्सची सगळी लायसन्स बंद करायचं ठरवलंय. मी एवढंच करते की पर्यटकांच्या ॲपवरचा फ्लॅट पहिल्या आठवड्यापुरता, नंतर कोणाच्या तरी घरातली खोली किंवा साधा लांब मुदतीचा करार. ते स्वस्तही पडतं, म्हणजे यात पुण्य वगैरे काही कमवत नाहीये मी. एकटेपणाही त्यानेच कमी होतो. मालकीण रोज कटकट करते तेव्हा भाषा पटकन येते.

आणि तिकडे असताना नोकरी गेली तर?

माझी तिसऱ्या वर्षी गेली होती. ईमेल मंगळवारी आला. व्हिसा कामाला बांधलेला असेल तर किती दिवसांत सांगावं लागतं, किती दिवस राहता येतं, हे व्हिसा मिळाल्याच दिवशी वाचून ठेवा, त्या मंगळवारी वाचायला डोकं जाग्यावर नसतं. मी त्याच संध्याकाळी घरमालकाला खरं काय ते सांगितलं, त्याने नोटीस एका महिन्यावर आणली. खुर्ची विकली ती तेव्हाच. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात तसेच पडून होते, ते वापरले, सात महिने घरी राहिले, दुसरं काम लागलं, मग परत निघाले. त्या सात महिन्यांत पहिलं काम काय केलं तर तिकिटाचं खातं पुन्हा भरलं.

जोडीदार आणि मुलं घेऊन जमेल का?

माझ्या पगारात नसतं जमलं. शाळेची फी बघा आधी, बाकीचे प्रश्न नंतर विचारा.